गाडग्यातले दान
(श्री संत गाडगे महाराज यांचे संक्षिप्त जीवनचरित्र)

बालाघाटच्या डोंगररांगेत वसलेल्या धाराशिव जिल्ह्यात वर्षभर भाविकांची ये-जा सुरू असते. आश्विनात तुळजापूरच्या वाटेवर सोलापूरकडून आणि कर्नाटकातून पायी चालणाऱ्या भक्तांची रीघ लागते. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत येरमाळ्याला श्री येडेश्वरी देवीचे भाविक रानातील चुनखडीचे खडे वेचून एके ठिकाणी आणून टाकतात. तेर येथे संत गोरोबाकाकांच्या दर्शनासाठी वारकरी येतात. यांतील बहुतेक भाविक कष्टकरी कुटुंबांतील असतात. मोठी रक्कम देवस्थानाला अर्पण करणे त्यांना शक्य नसते आणि दानपेटीपुढे उभे राहिल्यावर आपले दान फारच लहान आहे, अशी खंत अनेकांच्या मनाला स्पर्शून जाते.

वास्तविक, लहान दानाची परंपरा याच भूमीत फार जुनी आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी परडी हाती घेऊन जोगवा मागितला जातो, तेव्हा दारची माऊली परडीत मूठभर पीठ घालते. येरमाळ्याच्या रानात एक भाविक मोजकेच खडे वेचतो, परंतु हजारो हातांचे खडे एकत्र आले की पाहता पाहता मोठा ढीग उभा राहतो. मूठभर पिठाचे आणि हातातल्या खड्याचे हे सामर्थ्य ज्या सत्पुरुषाने आपल्या संपूर्ण आयुष्यातून महाराष्ट्राला दाखवून दिले, त्या श्री संत गाडगे महाराजांचे चरित्र भाविकांच्या माहितीसाठी येथे देत आहोत.

जन्म व बालपण

गाडगे महाराजांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव या खेड्यात परीट समाजातील एका कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. वडिलांचे नाव झिंगराजी व आईचे नाव सखुबाई. घरची स्थिती मूळची अगदीच वाईट नव्हती, परंतु झिंगराजींना दारूचे व्यसन जडले आणि संसाराची घडी विस्कटली. डेबूजी लहान असतानाच त्यांचे निधन झाले. सखुबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या आपल्या माहेरगावी आल्या.

मामांच्या घरी डेबूजी वाढले. गुरे राखणे, गोठा झाडणे, नांगरणी, पेरणी, राखण अशी सर्व कामे ते मनापासून करीत. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. अक्षरओळख नसल्याची खंत त्यांना जन्मभर राहिली आणि पुढे त्यांच्या प्रत्येक कीर्तनात मुलांच्या शिक्षणाचा विषय येऊ लागला, त्याचे मूळ याच बालपणात आहे. रात्री भजनात रमणे आणि दिवसा शेतात राबणे हा त्यांचा क्रम होता. स्वच्छतेची आवडही तेव्हापासूनचीच. गोठा, अंगण व शेताचा बांध नीटनेटका असल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

याच काळात दुसरा एक अनुभव त्यांच्या वाट्याला आला. सावकारी कर्जाच्या पाशात मामांची शेती गेली. ज्या मातीत घाम गाळला ती माती कागदावरच्या अंगठ्यामुळे दुसऱ्याची होते, हे डेबूजींनी प्रत्यक्ष पाहिले. कर्ज कशासाठी काढले जाते, ते कसे वाढते आणि निरक्षर माणूस त्यात कसा बुडतो, हे त्यांना कोणी पुस्तकातून शिकवावे लागले नाही.

बारशाचे जेवण

१८९२ साली डेबूजींचा विवाह कुंताबाई यांच्याशी झाला. यथाकाल कन्यारत्न झाले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे बारशाला भाऊबंदांना मांसाहार व दारू देणे आवश्यक मानले जाई. त्यासाठी कर्ज काढावे लागले तरी कोणी मागेपुढे पाहत नसे. डेबूजींनी मात्र या रिवाजाला नकार दिला. पशूची हत्या नाही, दारूचा थेंब नाही, असे ठरवून त्यांनी आलेल्या सर्वांना गोडाचे जेवण वाढले. भाऊबंदांची नाराजी त्यांना सोसावी लागली, परंतु ते आपल्या निश्चयापासून ढळले नाहीत.

वरवर पाहता ही एका घरातील लहानशी घटना आहे. परंतु पुढे त्यांनी जे कार्य केले, त्याचे बीज येथेच सापडते. दान करण्यासाठी आधी काहीतरी शिल्लक राहावे लागते आणि गरीब माणसाची शिल्लक व्यसनात, बळीत व मानपानाच्या जेवणावळीत संपून जाते. हा खर्च वाचला तर सर्वांत गरीब घरातही देण्याजोगे काही निघते, हे त्यांनी स्वतःच्या उंबरठ्यावर करून दाखविले आणि मगच इतरांना सांगितले.

गृहत्याग

१ फेब्रुवारी १९०५ रोजी पहाटे डेबूजींनी घर सोडले. मागे वृद्ध आई, पत्नी आणि मुलेबाळे होती. पुढील सुमारे बारा वर्षे त्यांनी अज्ञात साधकाप्रमाणे भ्रमण केले. अंगावर ठिकठिकाणचे तुकडे जोडून शिवलेली गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीचा तुकडा, एका हातात खराटा आणि दुसऱ्या हातात मातीचे फुटके गाडगे, असा त्यांचा वेष होता. त्याच गाडग्यात ते भाकरी घेत, त्यातच पाणी पीत आणि वेळप्रसंगी तेच डोक्यावर पालथे घालीत. लोक त्यांना कोठे गोधडेबुवा, कोठे चिंधेबुवा म्हणत. अखेरीस गाडगेबाबा आणि गाडगे महाराज हीच नावे सर्वत्र रूढ झाली.

हा वेष लोकांचे लक्ष वेधण्यासाठी नव्हता. इतरांनी टाकून दिलेल्या वस्तूच त्यांनी आपल्या उपयोगाला घेतल्या होत्या. चिंध्यांची गोधडी झाली आणि फुटक्या मडक्याचे ताट झाले. स्वतःच्या गरजा त्यांनी इतक्या कमी केल्या की मिळालेले जवळजवळ सर्व काही इतरांसाठी मोकळे राहिले.

भ्रमणातील त्यांचा एक नेम विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. ते फुकटची भाकरी घेत नसत. गावात शिरले की आधी रस्ता झाडीत, कोणाची लाकडे फोडून देत, शेतात काम अडले असेल तर हात लावीत आणि त्यानंतर मिळालेली चटणी-भाकरी गाडग्यात घेऊन खात. पुष्कळदा काम करून, भाकरीचीही वाट न पाहता ते पुढच्या गावाला निघून जात. ज्याच्याजवळ एक पैसाही नाही, त्याच्याजवळही दोन हात असतात आणि त्या हातांचे दान कोठेही, कोणत्याही दिवशी करता येते, हे त्यांच्या आचरणातून लोकांच्या ध्यानी येऊ लागले.

ऋणमोचनचा घाट

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन हे श्री मुद्गलेश्वराचे स्थान आहे. पौष महिन्यातील रविवारी तेथे यात्रा भरते. नदीचा काठ उंच व निसरडा असल्याने स्नानाला उतरणाऱ्या वृद्धांचे आणि स्त्रियांचे अतोनात हाल होत. यात्रेला येणारा प्रत्येक जण ते हाल पाहत होता, परंतु त्यावर उपाय करणे आपले काम आहे असे कोणाला वाटत नव्हते.

गाडगे महाराज तेथे आले ते फावडे व टोपले घेऊनच. त्यांनी एकट्याने काठ खणून उतरण्याजोगी वाट करण्यास प्रारंभ केला. सुरुवातीला लोक नुसते पाहत राहिले. मग एकाने टोपले उचलले, दुसऱ्याने वाळू आणली आणि हळूहळू यात्रेकरूच कामाला लागले. पुढे लोकवर्गणीतून तेथे पक्का घाट उभा राहिला. १९०८ सालचे हे काम त्यांच्या लोकसेवेतील पहिल्या मोठ्या कामांपैकी एक मानले जाते. याच ठिकाणी आंधळे, पांगळे व निराधार यांच्यासाठी अन्नदानाची व वस्त्रदानाची प्रथाही त्यांनी सुरू केली.

मोठ्या कामाचा प्रारंभ मोठ्या रकमेने व्हावा लागतो, ही समजूत त्या घाटाने खोटी ठरविली. पहिले टोपले एका माणसाचे होते. त्यानंतरची टोपली कोणी कोणी उचलली, याची नोंद कोठेही नाही.

खराटा आणि कीर्तन

गाडगे महाराजांच्या कार्याची पद्धत साधी आणि ठरलेली होती. गावात आल्यावर हातातील खराट्याने ते रस्ते, गटारे व देवळाभोवतीची जागा झाडू लागत. एक फाटका माणूस आपल्या दारापुढची घाण काढतो आहे, हे पाहून गावकरी ओशाळत आणि आपापले झाडू घेऊन बाहेर येत. सायंकाळपर्यंत गाव लख्ख होई. गाव स्वच्छ केल्याबद्दल त्यांनी कोणाकडून काही स्वीकारले नाही. रात्री त्याच स्वच्छ जागेवर त्यांचे कीर्तन होई.

त्यांचे कीर्तन वऱ्हाडी बोलीत चाले. त्यात शास्त्रार्थाचे अवडंबर नसे. ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत, श्रोते उत्तर देत आणि त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघे. अशा रीतीने ऐकणाऱ्याला आपली चूक स्वतःच्याच तोंडून कबूल करावी लागे. कर्ज काढून सण करू नये, दारू पिऊ नये, देवाच्या नावाने मुका जीव मारू नये, कोणाला अस्पृश्य मानू नये, हे विषय पुनःपुन्हा येत. शिक्षणाच्या बाबतीत ते विशेष आग्रही होते. जेवणाचे ताट मोडावे लागले तरी चालेल, हातावर भाकरी घेऊन खावी, बायकोला कमी किमतीचे लुगडे घ्यावे, पण मुलाला शाळेत घालावे, अशा आशयाचा उपदेश ते करीत. दान घराबाहेरच करावे लागते असे नाही. स्वतःचा थोडा उपभोग कमी करून घरातल्या लेकराला पाटी-पुस्तक देणे हेही दानच आहे, ही दृष्टी त्यांनी खेड्यापाड्यांतील माणसाला दिली.

कीर्तनानंतर लोक त्यांच्या पाया पडण्यासाठी धावत. ते कोणालाही पाया पडू देत नसत. आपण कोणाचे गुरू नाही आणि आपला कोणी शिष्य नाही, ही त्यांची भूमिका अखेरपर्यंत कायम होती.

पंढरपूरच्या धर्मशाळा

पंढरपूरच्या वारीला गाडगे महाराज नित्यनेमाने जात. परंतु गर्दीत शिरून दर्शन घेण्यापेक्षा चंद्रभागेचे वाळवंट आणि वारकऱ्यांचे मुक्काम झाडण्यातच त्यांचा वेळ जाई. तेथे एक गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली. वारीला आलेल्या अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांना मठांत व धर्मशाळांत आसरा मिळत नसे. ऊन, पाऊस व थंडी यांत त्यांना उघड्यावर राहावे लागे. ज्या विठ्ठलाचे भक्त संत चोखामेळा होते, त्याच विठ्ठलाच्या नगरीत चोखोबांच्या जातबांधवांना छप्पर नव्हते.

१९१७ च्या सुमारास गाडगे महाराजांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळेचे कार्य हाती घेतले. त्यासाठीचा पैसा कीर्तनांतून व लोकवर्गणीतून जमला. श्रीमंतांनी मोठ्या रकमा दिल्या, तसे गरिबांनीही यथाशक्ती दिले. कोणी दगड-विटा पुरविल्या, तर कोणी अंगमेहनत केली. पुढे पंढरपुरातील मराठा धर्मशाळा आणि नाशिक, देहू, आळंदी येथील धर्मशाळाही अशाच लोकसहभागातून उभ्या राहिल्या. मूर्तिजापूर येथे गोरक्षणाचे कार्य सुरू झाले. ठिकठिकाणी सदावर्ते, पाणपोया, घाट, वसतिगृहे व शाळा निघाल्या.

कालांतराने पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी सोपविली. इतक्या कष्टाने उभारलेली वास्तू दुसऱ्याच्या हाती देताना त्यांना संकोच वाटला नाही. वास्तू ज्यांच्यासाठी बांधली त्यांच्या मुलांचे शिक्षण होते आहे, एवढे त्यांना पुरेसे होते. कर्मवीर भाऊराव पाटील आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांच्याशीही त्यांचा निकटचा स्नेह होता. भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेने १९५४ साली कऱ्हाड येथे सुरू केलेल्या महाविद्यालयाला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव देण्यात आले. ज्यांनी शाळेत पाऊल ठेवले नाही, त्यांच्या नावे महाविद्यालय उभे राहिले.

घरच्यांच्या वाट्याला काय आले

थोर पुरुषांच्या चरित्रात त्यांच्या कुटुंबियांनी सोसलेल्या दुःखाचा उल्लेख बहुधा एका वाक्यात उरकला जातो. गाडगे महाराजांच्या बाबतीत तसे करणे उचित होणार नाही, कारण त्यांच्या दानाची खरी किंमत तेथेच कळते.

१९२३ साली त्यांचा पुत्र गोविंदा याचे निधन झाले. त्या वेळी महाराज कोकणात खारेपाटण येथे कीर्तनासाठी गेले होते. मुलगा गेल्याची वार्ता तेथे येऊन पोहोचली, तरी त्यांनी चाललेले कीर्तन थांबविले नाही, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ही घटना भाविक मोठ्या आदराने ऐकतात. परंतु त्याच वेळी दूर गावी पोटचा मुलगा गमावलेली कुंताबाई पतीविना शोक करीत होती, याचेही स्मरण ठेवले पाहिजे.

लाखो रुपयांच्या इमारती ज्यांच्या शब्दावर उभ्या राहिल्या, त्यांची पत्नी झोपडीत राहिली. धर्मशाळेत राहण्याची किंवा सदावर्तातील अन्न घेण्याची सवलत त्यांनी आपल्या नातेवाइकांना दिली नाही. संस्थांवर आपल्या वारसांचा कोणताही हक्क राहणार नाही, याची दक्षता त्यांनी घेतली. स्वतः तर ते सदावर्तातील अन्नालाही शिवत नसत. बाहेर भाकरी मागून आणून खात. एवढ्या कठोर वागण्याची आवश्यकता होती का, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. याचे कारण त्यांच्या कार्याच्या स्वरूपात आहे. त्यांच्याकडे येणारा पैसा गोरगरिबांच्या घामाचा होता. त्यातील एक घास जरी घराकडे वळला असता, तरी पुढच्या गावातील शेतकऱ्याने आपली वर्गणी विश्वासाने दिली नसती. लहान दान विश्वासावरच उभे असते. श्रीमंत दाता हिशेब मागू शकतो, परंतु मूठभर धान्य देणारी म्हातारी हिशेब मागायला कधी येत नाही. तिच्या वतीने महाराजांनी तो हिशेब स्वतःच्या संसाराकडून वसूल केला आणि त्यातला मोठा वाटा कुंताबाईंनी मुकाट्याने भरला. म्हणून गाडगे महाराजांच्या दानाचे पुण्य सांगताना कुंताबाईंचे नाव त्यांच्याबरोबरच घेतले पाहिजे.

महाराज स्वतःजवळ पैसा ठेवीत नसत. जमलेला निधी विश्वस्तांकडे व जबाबदार कार्यकर्त्यांकडे जाई. सर्व संस्थांचे कार्य पुढे सुरळीत चालावे म्हणून ८ फेब्रुवारी १९५२ रोजी श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना करण्यात आली. त्याच वर्षी प्रबोधनकार ठाकरे यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र प्रसिद्ध झाले.

रुग्णांच्या नातेवाइकांचा आसरा

आयुष्याच्या उत्तरार्धात महाराजांचे लक्ष मुंबईतील एका दुःखाकडे गेले. खेड्यापाड्यांतून लोक आपल्या आजारी माणसाला मोठ्या दवाखान्यात आणीत. रुग्णाला खाट मिळे, परंतु त्याच्यासोबत आलेली आई, पत्नी किंवा भाऊ फुटपाथवर दिवस काढीत. त्यांना स्वयंपाकाला जागा नसे, अंघोळीला पाणी नसे, रात्री पाठ टेकायला आडोसा नसे. दवाखाने बांधणारे पुष्कळ होते. दवाखान्याच्या दारात ताटकळणाऱ्याचा विचार मात्र फारसा कोणी केला नव्हता.

१९५४ साली मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी राहिली. पुढील काळात त्यांच्या नावाने दादर येथेही अशीच धर्मशाळा सुरू झाली आणि कर्करोगाच्या उपचारासाठी दूरदूरहून येणाऱ्या कुटुंबांना तिचा मोठा आधार झाला. दुसऱ्याची नेमकी अडचण कोणती आहे हे ओळखणे, हा दानाचा अर्धा भाग आहे, ही गोष्ट या धर्मशाळांकडे पाहिल्यावर पटते. ऋणमोचनचा निसरडा काठ आणि जे. जे. जवळचा फुटपाथ, या दोन्ही ठिकाणी सर्वांनी पाहिलेली अडचण महाराजांनी आपली मानली होती.

महानिर्वाण

६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे महापरिनिर्वाण झाले. त्या वार्तेने आजारी असलेल्या महाराजांच्या मनाला मोठा धक्का बसला. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे जात असताना वलगावनजीक पेढी नदीच्या पुलाजवळ मोटारीतच त्यांनी देह ठेवला. घर सोडलेल्या त्या साधूचा अखेरचा श्वासही वाटेवरच गेला. अमरावती येथे त्यांची समाधी असून तो परिसर गाडगेनगर या नावाने ओळखला जातो.

महाराष्ट्र शासनाने २०००-०१ या वर्षापासून त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. गावोगावच्या स्त्री-पुरुषांनी हाती झाडू घेतले आणि श्रमदानातून अनेक गावांचे रूप पालटले. अमरावती विद्यापीठालाही त्यांचे नाव देण्यात आले आहे.

भाविकांसाठी चार विचार

गाडगे महाराजांचे चरित्र वाचून घर सोडण्याची किंवा चिंध्या पांघरण्याची कोणालाही आवश्यकता नाही. त्यांनी दाखविलेली दृष्टी मात्र रोजच्या संसारात सहज आचरता येईल.

तांदूळ निवडताना किंवा पीठ मळायला घेताना रोज एक मूठ धान्य वेगळ्या डब्यात टाकावे. महिनाअखेरीस ते अन्नछत्राला किंवा शेजारच्या गरजू घराला देता येते. घरच्या वाढदिवसाचा अथवा बारशाचा एखादा खर्च कमी करून त्या रकमेत एका विद्यार्थ्याच्या वह्या घ्याव्यात. मुलांची मागील वर्षाची पुस्तके रद्दीत न घालता खालच्या वर्गातील मुलाच्या हाती द्यावीत. दवाखान्यात कोणाला भेटायला जाताना रुग्णासाठी फळे नेतोच, त्यासोबत रुग्णाजवळ बसलेल्या माणसासाठी चार पोळ्या न्याव्यात. प्रकृती धडधाकट असणाऱ्याने रक्तदान करावे. यात्रेत चालताना वाटेवरचा कचरा उचलणे, रांगेतील वृद्धाला पुढे जागा देणे, थकलेल्या मातेचे लेकरू थोडा वेळ कडेवर घेणे, यांसाठी तर खिशात हात घालावा लागत नाही.

धाराशिव जिल्हा हा कमी पावसाचा प्रदेश आहे. चैत्र-वैशाखात येथे तहानलेल्याला पाणी देण्याइतके मोठे पुण्य नाही. दारात एक माठ भरून ठेवणे आणि त्यावर झाकण व तांब्या ठेवणे, एवढ्यानेही वाटसरूची पाणपोई होते. पक्ष्यांसाठी फुटक्या मडक्याच्या खापरात पाणी ठेवता येते. ज्याला आपण टाकाऊ म्हणतो, ते खापर महाराजांनी आयुष्यभर हाती धरले होते.

देवस्थानाला अथवा कोणत्याही संस्थेला दान देताना, रक्कम लहान असो वा मोठी, भाविकांनी रीतसर पावती अवश्य घ्यावी. त्यात संकोचण्यासारखे काही नाही. घेणाऱ्याने दानाचा हिशेब चोख ठेवावा, हाच आदर्श गाडगे महाराजांनी घालून दिला आणि त्यासाठी आपल्या घराची झोपडीही पुरेशी मानली.

गोरोबाकाकांच्या तेर गावी येणारे भाविक मडके पारखण्याची कथा आवर्जून ऐकतात. कुंभार थापटण्याने हलकेच ठोकून कोणते मडके पक्के भाजले आहे आणि कोणते कच्चे राहिले आहे, हे ओळखतो. मडक्याचा आकार पाहून हे कळत नाही. दानाचेही तसेच आहे. रकमेवरून त्याची पारख होत नाही. आपल्या वाट्यातून काही बाजूला काढून, ज्याला नड आहे त्याच्यापर्यंत ते पोहोचविले की लहानसे गाडगेही भरलेलेच असते.

श्री जगदंबा सर्व भाविकांच्या हातून अशी सेवा घडवो, ही तिच्या चरणी प्रार्थना.